कारागिराची परीक्षा की भाषेची?

शिरूर कासार तालुक्यातील एखाद्या गावात विहिरीवरची मोटार बंद पडली, तर शेतकरी कुणाला हाक मारतो? पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरला नव्हे. गावातल्या ज्या पोराने आयटीआयमध्ये वीजतंत्री किंवा तारतंत्री हा व्यवसाय शिकलेला असतो, त्याला. रायमोहा असो, तिंतरवणी असो की खालापुरी, कोरडवाहू शेती आणि बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या या भागात मोटार, स्टार्टर आणि डीपी यांचे ज्ञान असलेला माणूस म्हणजे गावाचा आधार. त्या पोराचा बाप कदाचित वर्षाचे पाच-सहा महिने कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडात असतो. आई बापाच्या बरोबरीने मोळ्या बांधत असते. मुकादमाची उचल फेडता फेडता या कुटुंबाने एक स्वप्न पाहिलेले असते : पोराच्या हातात कोयत्याऐवजी पाना यावा, त्याच्या नावावर एक सरकारी प्रमाणपत्र असावे.

हे प्रमाणपत्र मिळणार की नाही, हे जसे कार्यशाळेतल्या कामावर ठरते, तसेच ते बहुपर्यायी प्रश्नांच्या पेपरवरही ठरते. चार पर्याय, त्यांतला एक निवडायचा. पूर्वी कागदावर गोल काळा करायचा, आता संगणकावर क्लिक करायचे. वरवर पाहता किती सोपी गोष्ट! परंतु प्रश्नच धड लिहिलेला नसेल तर? दोन पर्याय बरोबर वाटत असतील तर? इंग्रजीतून केलेले भाषांतर इतके अवघड असेल की रोज मोटार उघडणाऱ्या पोरालाही आपण काय वाचतो आहोत हे कळू नये, तर? मग ती परीक्षा कारागिराची राहत नाही, भाषेची होते. आणि भाषेच्या परीक्षेत आजवर कोण नापास होत आले, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

आरक्षण, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह या प्रश्नांवर आपल्या चळवळीने रस्त्यावर उतरून लढे दिले, आणि ते दिलेच पाहिजेत. परंतु संस्थेत प्रवेश मिळाल्यानंतर ज्या प्रश्नपत्रिकेतून आपल्या पोरांना बाहेर पडायचे असते, ती प्रश्नपत्रिका कोण लिहितो आणि कशी लिहितो, याची चर्चा आपल्याकडे होत नाही. ती आता झाली पाहिजे.

या व्यवस्थेच्या मुळाशी बाबासाहेब आहेत

आयटीआयच्या व्यवसायांचा अभ्यासक्रम आणि अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा ज्या केंद्रीय प्रशिक्षण महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीटीच्या अखत्यारीत येतात, त्याचे मूळ कुठे आहे? जुलै १९४५ मध्ये केंद्राच्या कामगार खात्यात पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. दुसऱ्या महायुद्धातून मोकळे झालेले सैनिक आणि युद्धकाळातील कामगार यांना पुन्हा कामधंद्याला लावणे हे त्याचे काम. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खात्याचे सदस्य कोण होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकर! १९४२ ते १९४६ या काळात हे खाते बाबासाहेबांकडे होते. त्याच महासंचालनालयाचे पुढे रूपांतर होत होत आजचे डीजीटी उभे राहिले. १९५० साली शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना आली, १९५६ साली आयटीआयचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला, १९६१ साली शिकाऊ उमेदवारी कायदा झाला आणि २०१५ साली प्रशिक्षणाचा हा कारभार कामगार मंत्रालयाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेला. पाटी बदलली, मंत्रालय बदलले, पण मूळ बदलत नाही.

कामगाराच्या कौशल्याकडे बाबासाहेबांचे लक्ष मंत्री झाल्यावर गेले असे समजण्याचे कारण नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्यात पगार चांगला होता, पण तेथे अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. कारण काय, तर धोट्यातील कांडीचा धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेली वस्तू सवर्ण कामगाराला चालत नव्हती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला भरलेल्या जीआयपी रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी दाखवून दिले की, आपला माणूस वर्षानुवर्षे गँगमन म्हणूनच राबतो, त्याला साधा पोर्टरही होता येत नाही. कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरी काम करावे लागे आणि तेथे विटाळ आडवा येई.

यातून एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. विणाई खात्यात किंवा रेल्वेत आपल्या माणसाला अडवणारा अडसर कौशल्याच्या अभावाचा नव्हता. कौशल्य शिकण्याच्या आणि ते सिद्ध करण्याच्या दारावरच पहारा होता. आज तो पहारा कायद्याने उठला आहे. परंतु दाराची चौकट ठेंगणी ठेवली, तर आत शिरणाऱ्याला वाकावेच लागते. अस्पष्ट प्रश्नपत्रिका ही अशीच ठेंगणी चौकट आहे.

बहुपर्यायी प्रश्न आपला शत्रू आहे काय?

नाही! हे आधीच स्पष्ट केलेले बरे, कारण काही विद्वान मंडळी बहुपर्यायी परीक्षेवर टीका करताना तोंडी परीक्षेचे गोडवे गातात. समोर बसलेला परीक्षक उमेदवाराला आधी काय विचारतो? नाव काय, आडनाव काय, गाव कोणते. तिथेच निम्मे गुण ठरून जातात, हा अनुभव ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या घेतला, त्याला बहुपर्यायी प्रश्नाची किंमत कळते. संगणकाला आडनाव वाचून नाक मुरडता येत नाही. पर्याय 'ब' बरोबर असेल तर तो देशपांडेंच्या मुलासाठीही बरोबर असतो आणि कांबळेंच्या मुलीसाठीही. अमेरिकेत फ्रेडरिक केली यांनी १९१४-१५ च्या सुमारास हा प्रकार शाळेत आणला, तोही याच विचाराने. एकच उत्तरपत्रिका दोन शिक्षकांनी तपासली तर गुण वेगवेगळे पडतात, ते थांबावे हा हेतू.

म्हणून बहुपर्यायी परीक्षा राहिलीच पाहिजे. परंतु तपासणारा निःपक्षपाती झाला म्हणून प्रश्न लिहिणारा आपोआप निःपक्षपाती होत नाही. पूर्वी अन्याय उत्तर तपासताना होई, आता तो प्रश्न लिहिताना होऊ शकतो. आणि प्रश्न लिहिणारा समोर नसल्यामुळे त्याला जाब कोण विचारणार?

सहा प्रश्नांचा हिशेब

हा हिशेब प्रत्येक पालकाने करून पाहावा. समजा, ७५ प्रश्नांचा पेपर आहे, प्रत्येकाला चार पर्याय आहेत आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. एखाद्याने डोळे मिटून उत्तरे दिली, तरी सरासरीने त्याची १८-१९ उत्तरे बरोबर येतील. डीजीटीच्या अभ्यासक्रमात लेखी विषयांना उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के लागतात, प्रात्यक्षिकाला ६० टक्के. ७५ पैकी ३३ टक्के म्हणजे २५ प्रश्न. म्हणजे काहीच न येणारा आणि उत्तीर्ण होणारा यांच्यात अंतर किती? अवघे सहा प्रश्न!

आता त्या पेपरात सहा-सात प्रश्न सदोष असले तर काय होते? ज्याला काम येते तो सदोष प्रश्नापाशी अडतो, विचार करतो, दोन्ही पर्याय त्याला बरोबर वाटतात आणि तो चुकतो. ज्याला काम येत नाही, पण ज्याने क्लासमधून प्रश्नसंच तोंडपाठ केला आहे, तो न अडता पुढे जातो. पहिला नापास होतो, दुसरा उत्तीर्ण होतो. हा अन्याय एका उमेदवारापुरता राहत नाही. हा दुसरा उमेदवार उद्या प्रमाणपत्र घेऊन डीपीजवळ उभा राहणार आहे. तिथे चार पर्याय नसतात, तिथे एकच चूक पुरते. आणि तिथे मरणारा माणूस बहुधा आपल्यापैकीच असतो.

प्रश्न कसा बिघडतो

गोष्ट हवेत राहू नये म्हणून काही नमुने घेऊ. हे कुठल्या पेपरातून उचललेले नाहीत, दोष नीट दिसावा म्हणून आम्हीच तयार केले आहेत. परंतु आयटीआयच्या पोरांना ते ओळखीचे वाटतील.

पहिला नमुना : 'अर्थिंगच्या तारेचा रंग कोणता?' पर्याय : लाल, काळा, हिरवा, हिरवा-पिवळा. आपल्याकडे अर्थिंगसाठी हिरवी तारही वापरतात आणि हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचीही. मग उत्तर कोणते? ज्याने प्रत्यक्ष वायरिंग केले आहे त्याच्यापुढेच हा पेच उभा राहतो. ज्याने फक्त पुस्तक पाहिले, त्याला पेच पडत नाही. काम करणाऱ्याला शिक्षा आणि पाठ करणाऱ्याला बक्षीस, असा हा प्रश्न आहे.

दुसरा नमुना : 'खालीलपैकी कोणते विधान सुरक्षिततेच्या दृष्टीने अयोग्य नाही?' एका वाक्यात दोन नकार. वीजतंत्र्याची सुरक्षिततेची जाण तपासायची की व्याकरणाची? घाईत एक 'नाही' वाचायचा राहिला की सगळे जाणणारा पोरगाही चुकतो. नकारार्थी प्रश्न शक्यतो विचारूच नये आणि विचारायचाच असेल तर एकच नकार ठेवून तो ठळक अक्षरांत छापावा, हा जगभरच्या प्रश्नकर्त्यांचा साधा नियम आहे.

तिसरा नमुना मराठीचाच आहे. 'धातूवरचा खडबडीतपणा घासून काढण्यासाठी कोणती वापरतात?' पर्याय : हातोडा, पाना, शेगडा, कानस. 'कोणती' म्हटल्याबरोबर उत्तर फुटले! चारही शब्दांत स्त्रीलिंगी एकच, कानस. जोडारीचे अक्षरही न शिकलेला माणूस याचे उत्तर देईल. इंग्रजीत ही अडचण येत नाही, म्हणून इंग्रजीतून डोळे झाकून भाषांतर करणाऱ्याला ती दिसत नाही. 'कोणते साधन वापरतात?' एवढे लिहिले की प्रश्न सुधारतो.

चौथा प्रकार शब्दांचा. वर्कशॉपमध्ये आपण 'फेज' म्हणतो. शाळेच्या पुस्तकात तिला 'वीजयुक्त तार' म्हणतात. कुणी भाषांतरकार तिला 'जिवंत तार' करून ठेवतो. फ्यूजला पुस्तकात 'वितळतार' म्हणतात, गावात कुणी म्हणत नाही. कार्यशाळेतला व्हाइस पुस्तकात 'शेगडा' होतो. उद्या कुणी 'फ्लॅट फाईल'चे भाषांतर 'सपाट नस्ती' असे केले तर हसू नका, कारण मंत्रालयात बसलेल्या माणसासाठी फाईल म्हणजे नस्तीच असते! चेन्नईची निमी ही संस्था डिसेंबर १९८६ मध्ये जर्मन सरकारच्या मदतीने सुरू झाली. व्यवसायांची पुस्तके आणि प्रश्नसंच ती तयार करते, अनेक भाषांत भाषांतरेही करते. काम मोठे आहे, आवश्यक आहे. परंतु चेन्नईत तयार झालेला प्रश्न शिरूर कासारच्या पोरापर्यंत पोहोचताना त्याच्या तोंडातला शब्द घेऊन आला पाहिजे. पुस्तकी शब्दाशेजारी वर्कशॉपमधला शब्दही द्यावा, म्हणजे 'वितळतार, म्हणजे फ्यूज' असे. यात भाषेचा कसला अपमान?

चांगला प्रश्न कसा असतो

दोष दाखवणे सोपे असते, म्हणून आता चांगल्या प्रश्नाकडे वळू. चांगला प्रश्न अवघड असू शकतो, पण तो अस्पष्ट असू शकत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करून कित्येक प्रश्नकर्ते स्वतःला कडक परीक्षक समजतात. सोपे प्रश्न विचारा अशी आपली मागणी नाही, तशी ती कधी असूही नये. आपली पोरे सवलतीवर उत्तीर्ण होतात ही प्रस्थापितांची जुनी आरोळी आहे, तिला आयते निमित्त कशाला द्यायचे? मागणी एवढीच की, प्रश्नातला अवघडपणा कामातला असावा, वाक्यातला नसावा.

हा प्रश्न पाहा : 'विहिरीवरची थ्री फेज मोटार सुरू झाली, पण उलट्या दिशेने फिरते. दिशा बदलण्यासाठी काय कराल?' पर्याय : (अ) तिन्ही फेजच्या तारा एकेक जागा पुढे सरकवाल. (ब) कोणत्याही दोन फेजच्या तारांची अदलाबदल कराल. (क) एक फेज आणि अर्थिंग यांच्या तारांची अदलाबदल कराल. (ड) ओव्हरलोड रिलेची सेटिंग वाढवाल.

उत्तर 'ब'. परंतु बाकीचे तीन पर्याय पाहा. 'अ' वाचून वाटते की तारा बदलल्या म्हणजे दिशा बदलेल. पण तिन्ही तारा एकेक जागा सरकवल्या तर फेजचा क्रम तोच राहतो आणि मोटार तशीच उलटी फिरते. ज्याला क्रमाचे महत्त्व कळले नाही तो इथे सापडतो. 'क' निवडणारा माणूस कुणाचा तरी जीव घेईल, त्याला प्रमाणपत्र देण्याआधी हे कळलेच पाहिजे. 'ड' निवडणाऱ्याला रिले कशासाठी असते हेच ठाऊक नाही. प्रत्येक चुकीचा पर्याय एका खऱ्या चुकीतून घेतलेला आहे. शिवाय सगळ्या पर्यायांची लांबी जवळपास सारखी आहे. बरोबर पर्याय सगळ्यांत लांब आणि सविस्तर असला की पोरे न वाचताच तो निवडतात, हे प्रत्येक शिल्पनिदेशकाला ठाऊक आहे.

दुसरा चांगला नमुना जोडारी व्यवसायातला. '०.०२ मिलीमीटर लघुत्तम माप असलेल्या व्हर्निअर कॅलिपरवर मुख्य पट्टीचे वाचन २४ मिलीमीटर आहे आणि व्हर्निअरची १५ वी रेघ जुळते. एकूण माप किती?' पर्याय : २४.१५, २४.३०, २४.७५, २५.५० मिलीमीटर. उत्तर २४.३०, कारण १५ ला ०.०२ ने गुणले की ०.३० येतात. ज्याने २४.१५ निवडले त्याने लघुत्तम माप ०.०१ धरले, म्हणजे मायक्रोमीटर आणि व्हर्निअर यांत त्याची गल्लत झाली. २४.७५ निवडणाऱ्याने ते ०.०५ धरले, २५.५० निवडणाऱ्याने ०.१. निकाल हाती आला की शिल्पनिदेशकाला कळते, वर्गाला काय पुन्हा शिकवायचे आहे. असा प्रश्न निकाल लावण्याबरोबर शिकवण्याचेही काम करतो.

यातून नियम सहज निघतात. प्रश्न पर्याय झाकून वाचला तरी पूर्ण कळला पाहिजे. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारावी. बरोबर उत्तर एकच असावे, आणि ते त्या व्यवसायातल्या दोन जाणत्या माणसांनी एकमेकांना न विचारता तेच सांगितले पाहिजे. 'वरीलपैकी सर्व' हा आळशी पर्याय टाळावा, कारण दोन पर्याय बरोबर दिसले की तिसरा न वाचताच उत्तर मिळते. चौथा पर्याय सुचत नाही म्हणून काहीतरी हास्यास्पद टाकण्यापेक्षा तीनच पर्याय द्यावेत. अमेरिकेत मायकेल रॉड्रिग्ज यांनी ऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा २००५ साली प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष हाच होता की तीन नीट पर्याय पुरेसे असतात. आणि शेवटचे, पण सगळ्यांत महत्त्वाचे : शक्य तिथे प्रश्नाला कामाचा प्रसंग द्यावा. 'ओहमचा नियम कोणी मांडला?' हे विचारून वीजतंत्री ओळखता येत नाही.

ग्रिग्ज यांचा खटला आपणही वाचला पाहिजे

हा सगळा तांत्रिक खल आहे, यात चळवळीचा काय संबंध, असे कुणाला वाटत असेल तर त्याने अमेरिकेतील आपल्या काळ्या बांधवांचा एक खटला जरूर समजून घ्यावा. नॉर्थ कॅरोलिना राज्यात ड्यूक पॉवर या वीज कंपनीचे डॅन रिव्हर नावाचे केंद्र होते. तेथे ९५ कर्मचारी होते, त्यांत १४ काळे. हे सगळे काळे कामगार फक्त 'लेबर' खात्यात, म्हणजे झाडलोट आणि अंगमेहनतीच्या कामावर. त्या खात्यातला सर्वांत जास्त पगार इतर खात्यांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता! १९६४ साली नागरी हक्क कायदा झाला. नोकरीतील भेदभावाला बंदी करणारा त्याचा भाग २ जुलै १९६५ रोजी अमलात आला. आणि नेमक्या त्याच दिवसापासून कंपनीने चांगल्या खात्यांत नव्याने जाण्यासाठी दोन लेखी चाचण्या लावल्या. एक सामान्य बुद्धिमत्तेची, दुसरी यांत्रिक आकलनाची. चाचणी सर्वांना सारखी, कागदावर जातीचा किंवा रंगाचा उल्लेख नाही. पण तुटक्या-फुटक्या, वेगळ्या ठेवलेल्या शाळांतून शिकलेले काळे कामगार त्यात मागे पडत. उलट ज्या गोऱ्यांची भरती आधीच झाली होती, ते ही चाचणी न देताही तेच काम व्यवस्थित करीत होते!

विली ग्रिग्ज आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. ८ मार्च १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. त्याचा सार असा की, हेतू काहीही असो, एखाद्या परीक्षेमुळे एक समाज बाहेर फेकला जात असेल आणि त्या परीक्षेचा प्रत्यक्ष कामाशी संबंध मालकाला दाखवता येत नसेल, तर ती परीक्षा लावता येणार नाही. परीक्षेने माणसाला त्या कामासाठी मोजले पाहिजे.

आपल्याकडे याची तुलना करून पाहा. ऊसतोडीमुळे ज्या पोराची शाळा दरवर्षी दिवाळीनंतर सुटली, ज्याने अर्धे शिक्षण फडावरच्या कोपीत काढले, त्याचे वाचन मागे राहणारच. त्यात त्याचा दोष नाही. तो मोटारीचे वाइंडिंग अचूक भरत असेल आणि केवळ लांबलचक, बोजड वाक्यामुळे प्रश्न चुकत असेल, तर परीक्षेने काय मोजले? त्याचे कौशल्य की त्याच्या आईबापाचे स्थलांतर? हुशारीच्या नावाखाली इथे गरिबीच मोजली जाते.

बाबासाहेबांनी १९३६ साली जातिव्यवस्थेची चिकित्सा करताना दाखवून दिले की, ही व्यवस्था कामाबरोबर काम करणाऱ्या माणसांचीही वाटणी करते, आणि कुणी कोणता धंदा करायचा हे त्याच्या आवडीने किंवा कुवतीने न ठरता जन्माने ठरते. आपण ज्या गावाबद्दल बोलतो आहोत त्याच्या नावातच 'कासार' आहे. कासे-पितळेचे काम करणारा कारागीर असा या शब्दाचा अर्थ. एके काळी हुन्नर जातीच्या कुंपणात होता, बाहेरच्याला तो शिकवला जात नसे. आयटीआयने ते कुंपण तोडले. मांगाचा पोरगा कातारी झाला, महाराची पोरगी वीजतंत्री झाली, वंजाऱ्याचा, धनगराचा आणि मराठ्याचा गरीब पोरगा त्याच बाकावर त्याच्याशेजारी बसला. ही क्रांती लहान नाही. तिला सदोष प्रश्नपत्रिकेचे ग्रहण लागू देता कामा नये.

आपण काय करू शकतो

सरकारने करायच्या गोष्टी स्पष्ट आहेत. महाराष्ट्र लोकसेवा आयोग पूर्वपरीक्षेनंतर उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, उमेदवारांच्या हरकती मागवतो आणि चुकीचे प्रश्न रद्दही करतो. कलेक्टर होऊ पाहणाऱ्याला जो हक्क आहे, तो वायरमन होऊ पाहणाऱ्याला प्रत्येक परीक्षेत असलाच पाहिजे. दुसरे, परीक्षा झाल्यावर प्रत्येक प्रश्नाची झडती घेतली जावी. संगणकावर परीक्षा होत असल्यामुळे हे काम आता काही मिनिटांचे आहे. एकूण पेपरात वरचे गुण मिळवणारी पोरेच एखाद्या प्रश्नात जास्त चुकत असतील आणि खालची बरोबर येत असतील, तर पोरांना दोष न देता तो प्रश्नच तपासायला घ्यावा. तिसरे, मराठीत आणि इंग्रजीत परीक्षा देणाऱ्यांचे निकाल प्रश्नागणिक ताडून पाहावेत. एकाच प्रश्नावर मराठीत देणारेच तेवढे अडत असतील, तर दोष भाषांतरात आहे. चौथे, प्रश्न तयार करणाऱ्या मंडळींत प्राध्यापकांबरोबर प्रत्यक्ष काम करणारे कारागीर घ्यावेत.

परंतु सरकारने करावे म्हणून हात बांधून बसणे ही आपली रीत नाही. शिरूर कासारसारख्या तालुक्यात आयटीआय झालेली, महावितरणमध्ये, कारखान्यात, स्वतःच्या दुकानात काम करणारी आपली माणसे आहेत. समाज मंदिरात, बुद्ध विहारात, वाचनालयात आठवड्यातून एकदा त्यांनी नव्या पोरांसोबत बसावे. प्रश्नसंच उघडावेत आणि एकेक प्रश्न मोठ्याने वाचावा. वाचून दाखवल्यावर प्रश्न कळला नाही, तर तो प्रश्न वहीत लिहावा, त्यात काय खटकले ते शेजारी लिहावे, आणि तो कसा लिहायला हवा होता तेही लिहावे. अशा वह्या तालुक्या-तालुक्यांतून जमल्या, तर निवेदनाला वजन येईल. 'आमच्यावर अन्याय होतो' असे म्हणण्यापेक्षा 'हे पाहा बावीस प्रश्न, यांत हे दोष आहेत, आणि हे आमचे दुरुस्त केलेले प्रश्न' असे म्हणणारे निवेदन अधिकाऱ्याला बाजूला सारता येत नाही. बाबासाहेब गोलमेज परिषदेत असोत की साउथबरो समितीपुढे, भावनेबरोबर आकडे आणि दाखले घेऊन जात. आपण तीच वाट चालायची आहे.

याचा आणखी एक फायदा आहे. प्रश्न लिहायला बसलेल्या पोराला आपल्याला काय येते आणि काय येत नाही हे पहिल्यांदा नीट कळते. मोटार उलटी का फिरते याचा एक चांगला प्रश्न आणि त्याचे तीन खरेखुरे चुकीचे पर्याय तयार करायचे, तर फेजचा क्रम समजलेलाच असावा लागतो. पाठांतराने हे साधत नाही. आजवर आपण दुसऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देत आलो. शिकलेल्या समाजाने आता प्रश्न विचारायलाही शिकले पाहिजे, मग तो व्यवस्थेला विचारायचा असो की प्रश्नपत्रिकेत लिहायचा असो.

१९५० साली मिलिंद महाविद्यालय काढून बाबासाहेबांनी मराठवाड्याच्या पोरांसाठी उच्च शिक्षणाचे दार उघडले. निजामी राजवटीने आणि जातीने जखडलेल्या या भूमीत ते दार किती मोलाचे होते, हे आपण तीन पिढ्या अनुभवतो आहोत. हुन्नराचे दारही त्यांच्याच काळात, त्यांच्याच खात्यातून किलकिले झाले. ते सताड उघडे ठेवण्याची जबाबदारी आपली आहे. पुढच्या परीक्षेला अजून वेळ आहे. प्रश्नसंच बाजारात मिळतात, वही दहा रुपयांत मिळते. येत्या रविवारी विहारात बसा आणि पहिला प्रश्न मोठ्याने वाचा.

जयभीम!